लान-चेच्या डोळ्याचं अस्तर

फूंग साऊ लानचं दुकान पूर्वी सकाळी आठला उघडायचं. मग नऊला उघडू लागलं, मग साडेदहाला, आणि ती सहासष्ट वर्षांची झाली त्या वर्षी तर दुपारचा एक वाजल्याशिवाय शटर वर जाईना. मलेशियातल्या इपोह गावच्या बाजाराच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून, दोन शिलाई मशिनी, एक इस्त्री आणि कपडे बदलायला पडद्यामागे जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा, असा तिचा सगळा कारभार. नवे कपडे ती शिवत नसे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा झगा दोन बोटं सैल करून द्यायचा, ही तिची कामं. आणि ती तिने अडतीस वर्षं केली होती. लहानथोर सगळे तिला लान-चे म्हणत, म्हणजे लानताई. खाली कोंबड्या विकणाऱ्या बायका मात्र आपापसात म्हणत, "लान-चेला आता कुठली गरज? लोळते दुपारपर्यंत महाराणीसारखी."

लान-चे लोळत नव्हती. पहाटे साडेपाचला उठून ती केस वाळवायच्या यंत्राने डोळे वाळवत बसलेली असे.

भानगड अशी होती, की सकाळी तिला सगळं धुक्यातून दिसे. समोर बसलेला नवरा म्हणजे एक करडा ठिपका आणि त्याच्या हातातला कॉफीचा कप म्हणजे दुसरा, जरा लहान ठिपका. दिवस चढेल तसं धुकं विरे आणि दुपारपर्यंत जग आपापल्या जागेवर येऊन बसे. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले तेव्हा तिला वाटलं होतं, सुटले. पण धुकं उलट वाढलंच. एकदा नाहून केस वाळवताना वाऱ्याचा झोत चुकून डोळ्यांवर आला आणि काय आश्चर्य, पाच मिनिटांत भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसायला लागले. तेव्हापासून रोज पहाटे हाताभर अंतरावरून डोळ्यांना वारा घालायचा तिचा नेम झाला.

तिचा नवरा चिऊ कोक वेंग हे बरेच दिवस बघत होता. वेंग सत्तरीचा. घरोघर विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून तो निवृत्त झाला होता, पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. चाळीस वर्षं तो गावातल्या बॅडमिंटनच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहत आला होता. त्यामुळे त्याला कमी बोलायची आणि बोललेलं मागे न घ्यायची सवय लागली होती.

"डोळ्यांना वारा घालतेस?" एका सकाळी त्याने विचारलं.

"मग काय तुला घालू?"

"डॉक्टरकडे चल."

"गेले होते. चष्मेवाल्याने तपासलं, सगळी अक्षरं वाचली मी. फळ्यावरची खालची ओळसुद्धा."

"किती वाजता गेली होतीस?"

"तीनला."

वेंगने कप खाली ठेवला. "उद्या सकाळी आठला जायचं. आणि ते यंत्र घरी राहील."

झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात लान-चे फळ्यासमोर बसली, आणि अक्षरं तर सोडाच, तिला फळाच दिसेना.

तिथे हफीझा नावाची एक मुलगी डोळ्यांचे फोटो काढायच्या यंत्रांवर होती. आवाज गोड, पण हुकूम फौजदाराचा. "आंटी, हनुवटी इथे. कपाळ टेकवा. हिरव्या खुणेकडे बघा. डोळे मिटू नका. आंटी, मिटलेत. पुन्हा. आंटी, पुन्हा मिटलेत." सहा वेळा नेमक्या क्षणी लान-चेने डोळे मिटले. सातव्या वेळी ती रागाने म्हणाली, "अगं पण डोळे मिटतातच! त्यांचं कामच आहे ते!" आणि बोलण्याच्या नादात मिटायची राहिली, तेवढ्यात फोटो निघाला.

डॉक्टर यालिनी चाळिशीच्या, सडपातळ, तमिळ. त्यांनी पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक पेशी, आणि मधे मधे काळे डाग, जणू पोळं कोणी कुरतडून ठेवलंय.

"आंटी, डोळ्याच्या काळ्या भागावर जी काच असते ना, तिच्या आतल्या बाजूला हा पेशींचा थर असतो. काचेत शिरलेलं पाणी सतत बाहेर काढायचं हे त्याचं काम. तुमच्या बऱ्याचशा पेशी मेल्यात. रात्री पापण्या मिटलेल्या, पाणी साचतं, काच फुगते. दिवसा हवेने सुकते. म्हणून सकाळी दिसत नाही आणि दुपारी दिसतं."

"म्हणजे वाऱ्याने खरंच सुकत होतं?"

"हो. बरेच जण करतात तसं."

लान-चेने नवरा जिथे असावा तिकडे तोंड करून एक विजयी कटाक्ष टाकला. तिथे खुर्ची होती; वेंग दुसऱ्या बाजूला बसला होता.

"म्हणजे डॉक्टर," ती म्हणाली, "कापड धडधाकट आहे. अस्तर गेलंय."

यालिनींना हसू आलं. "दहा वर्षं मी लोकांना हे समजावतेय आणि एवढं सोपं मला कधी जमलं नाही. हो. अस्तर गेलंय. सगळी काच बदलायची नाही, अस्तर तेवढं बदलायचं. आधी उजवा डोळा."

"किती टाके?"

"अस्तराला? एकही नाही."

"मग धरणार कशाने?"

"हवेने. आम्ही डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतो. तो अस्तर खालून वर दाबून धरतो. तुम्ही काही दिवस उताणं पडून राहायचं, छताकडे बघत. तेवढ्यात ते चिकटतं."

"धावदोरासुद्धा नाही?"

"नाही."

घरी येईपर्यंत लान-चे बसमध्ये धुमसत होती. "टाक्याशिवाय अस्तर! ज्या म्हाताऱ्या शिंप्याकडे मी शिकले ना, त्याने फूटपट्टी मोडली असती माझ्या पाठीवर. हवेने म्हणे! उद्या म्हणतील, बटणं फुंकर मारून लावतो."

वेंग म्हणाला, "शिकलेली बाई आहे ती."

"मी काय रस्त्यावर पडलेली आहे?"

अस्तर यायला साडेतीन महिने लागले. ते श्रीलंकेहून आलं. कोणाचं, ते सांगत नाहीत. मेल्यावर डोळे दिलेल्या एका एकाहत्तर वर्षांच्या माणसाचं, एवढंच कळलं. लान-चे जरा हिरमुसली. "माझ्याहून म्हातारं?" तेव्हा यालिनींनी सांगितलं, की तरुण माणसाचा हा थर काढला की घट्ट गुंडाळी होऊन बसतो, उलगडता उलगडत नाही, वय झालेल्यांचा सुटतोही नीट आणि पसरतोही नीट. म्हातारा माणूस जास्त उपयोगी पडतो अशी एक तरी गोष्ट जगात आहे, हे ऐकून लान-चेला एवढा आनंद झाला, की पुढचे चार दिवस तिने बाजारात भेटेल त्याला ते थांबवून सांगितलं.

शस्त्रक्रियेला तिला पूर्ण भूल दिली नव्हती. डोळा तेवढा बधिर केलेला, तोंडावर कापड. दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. कोणीतरी काचेवर हलकेच टिचक्या मारतंय असा भास होत होता. मग यालिनींचा आवाज आला, कोणा मदतनिसाला म्हणत होत्या, "हे बघ, उलटं पडलंय."

"मग सुलटं करा!" कापडाखालून लान-चे म्हणाली.

"आंटी, बोलू नका. हलतं सगळं."

"सुलट्या बाजूला खूण केलीय का आधी? आम्ही खडूने करतो."

"केलीय. निळ्या शाईने अक्षर छापलंय. आता गप्प."

खूण केलीय म्हटल्यावर लान-चेचं समाधान झालं आणि ती खरोखरच गप्प राहिली. बाईंना निदान इतपत काम येतंय, असं तिच्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर खरा छळ सुरू झाला. पन्नास मिनिटं उताणं, दहा मिनिटं उठायचं, खायला, औषधाचे थेंब घालायला, न्हाणीघरात जायला. मग पुन्हा पन्नास मिनिटं उताणं. वेंगने पलंगाशेजारी उंच स्टूल आणून ठेवलं. गळ्यात वेळ मोजायचं घड्याळ अडकवलं. शिट्टीही होती, पण ती लान-चेने पहिल्याच तासात जप्त केली.

"फॉल्ट," तो म्हणाला.

"काय झालं?"

"मान उचललीस."

"शिंकले मी!"

"आडवी राहून शिंक."

"तू शिंकून दाखव आडवा राहून!"

"पंचाशी वाद नको. छताकडे बघ."

छताकडे बघण्यासारखं काही नव्हतं. एक ओलीचा डाग होता आणि एक पाल होती. उजव्या डोळ्यात बुडबुडा थरथरायचा, डाव्यात दुपारपर्यंत धुकं. पहिल्या दिवशी लान-चेने पालीला नाव ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिच्याशी भांडण झालं. अडतीस वर्षांत दिवसाउजेडी पाठ टेकली नव्हती त्या बाईला वेड लागायची पाळी आली. बोटं नुसती चादरीची कड दुमडायची, सोडायची, पुन्हा दुमडायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिक्गू मरियानी बघायला आल्या. चिक्गू म्हणजे मास्तरीणबाई. या तर मलय शाळेच्या मुख्याध्यापिका. त्याच्या पुढच्या दिवशी त्यांचा निरोपसमारंभ होता. एका हातात पपया होत्या आणि दुसऱ्या हातात एक पिशवी, जी त्या पाठीमागे लपवत होत्या.

"पिशवीत काय आहे?" छताकडे बघत लान-चेने विचारलं.

"काही नाही, लान-चे. तुम्ही आराम करा."

"रेशीम आहे. आवाजावरून कळतं. काय उसवलंय?"

चिक्गूंनी मान खाली घातली. "बाही. उद्या सकाळी नऊला घालायचंय. दुसऱ्या कोणाकडे द्यायचा धीर होईना."

वेंग त्या वेळी कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात माशाची पेज आणायला गेला होता. "सुई ओवून द्या," लान-चे म्हणाली. "लांब दोरा नको, हातभर पुरे. आणि दाराकडे लक्ष ठेवा."

चिक्गूंनी मुख्याध्यापिकेची सगळी प्रतिष्ठा बाजूला ठेवून दारात पहारा दिला. लान-चेने बाही पोटावर घेतली, डोळे छताला, आणि बोटांनी चाचपत तुरपाई सुरू केली. निम्मी झाली असेल नसेल तोच चिक्गू पुटपुटल्या, "आले, आले!" रेशीम चादरीखाली गेलं, सुई त्याबरोबर गेली आणि मांडीत घुसली. वेंग आत आला तेव्हा लान-चे उताणी, निश्चल, एका डोळ्यावर कवच, दुसऱ्यातून टपकन एक अश्रू आलेला.

"रडतेस?"

"तुझी आठवण आली."

वेंग एवढा गोंधळला, की पेज वाढायला स्वयंपाकघरात गेला तो दहा मिनिटं बाहेरच आला नाही. तेवढ्यात बाही पुरी झाली.

तिसऱ्या दिवशी टीव्हीवर बॅडमिंटनचा अंतिम सामना होता. वेंगने बायकोला दहा मिनिटांसाठी उठवलं, बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसवलं, हातात वाटी दिली, आणि सहज म्हणून टीव्ही लावला. तिसरा गेम वीस-वीसवर गेला. दहाची चाळीस मिनिटं झाली, चाळिसाचा सव्वा तास. लान-चेला पंच विसरलाय हे केव्हाच कळलं होतं, पण खुर्चीत ताठ बसण्यातलं सुख असं होतं, की वाटी रिकामी झाल्यावरही ती चमचा वाजवत राहिली. सामना संपल्यावर वेंगने गळ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं, घसा खाकरला, आणि बायकोला आत नेऊन झोपवलं. 

पाचव्या दिवशी उजव्या डोळ्यात पुन्हा धुकं उतरलं.

सातव्या दिवशी तपासणी होती. या वेळी हफीझाने वेगळं यंत्र लावलं. त्यात डोळ्याला काही लागत नाही, नुसता उजेड फिरतो आणि काच उभी कापल्यासारखी बाजूने दिसते. फोटो यालिनींच्या पडद्यावर आला. दुपारची वेळ होती, त्यामुळे लान-चेच्या डाव्या डोळ्याला बरंच दिसत होतं. एक स्वच्छ कमान, पालथ्या वाटीसारखी. आणि कमानीच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूने, एक बारीक दोरा सुटून लोंबल्यासारखा.

"सुटलं!" लान-चे खुर्चीतून उठलीच. "काय म्हटलं होतं मी? टाका नाही, काही नाही, हवेने म्हणे धरतं! बघा, कड सुटली! माझ्याकडे असं गिऱ्हाईक आलं असतं तर मी तोंड दाखवलं नसतं!"

एवढं बोलून झाल्यावर तिला एकदम चादरीखालची सुई आठवली, आणि तिचा चेहरा उतरला. ती हळूच खाली बसली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "चूक माझी आहे. मी शिवत होते."

"काय करत होता?"

"बाही. रेशमी. उताणी पडूनच शिवली, देवाशपथ, मान हलवली नाही. पण शिवली."

यालिनींनी तोंडावर हात धरला. हफीझा भिंतीकडे वळली. आणि मग कोपऱ्यातून वेंगचा आवाज आला, चाळीस वर्षांत कोणी ऐकला नव्हता असा बारीक.

"तिची नाही. माझी आहे. सामना होता. मी तिला सव्वा तास बसवून ठेवली."

"तू गप्प बस," लान-चे म्हणाली. "मला माहीत होतं वेळ झालीय ते. मीच सांगितलं नाही."

"पंच मी होतो."

"पण मी काय झोपले होते?"

"आंटी, अंकल," यालिनी म्हणाल्या, "थांबा दोघं. हे यंत्र कड सुटलीय एवढं दाखवतं. कोणी सोडवली ते दाखवत नाही. बसलं की बुडबुडा वर जातो आणि खालची कड उघडी पडते, हे खरं. पण जे फळीसारखे पडून राहतात त्यांचीसुद्धा सुटते. दहांतल्या एकदोघांची सुटतेच. आपण पुन्हा हवा भरू. दहा मिनिटांचं काम आहे."

"आणि शिवण?"

"शिवू नका असं आमच्या सूचनांच्या कागदात लिहिलेलं नाही. हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या वेळी छापू."

हवा पुन्हा भरली. या खेपेला वेंगने घरी गेल्या गेल्या टीव्हीची वायर काढली आणि शेजाऱ्यांच्या स्वाधीन केली. लान-चेच्या सुया, कात्री, रिळं, सगळं डब्यात घालून डबा चिक्गू मरियानींकडे पोचता केला. चार दिवस लान-चे अशी पडून राहिली, की पालसुद्धा जवळ येऊन बघून गेली. पुढच्या फोटोत कमानीच्या खाली दोरा नव्हता. एकच सलग रेघ.

"बसलं," यालिनी म्हणाल्या.

लान-चे पडद्याच्या अगदी जवळ गेली, रेघेवरून इकडून तिकडे नजर फिरवली. "चांगलं बसलंय," ती कबूल झाली. "चुणी नाही."

महिन्याभरात उजवा डोळा उघडल्यासारखा झाला. एका सकाळी, साडेसहाच्या उजेडात, लान-चेने कॉफीच्या कपावरून समोर पाहिलं आणि ती दचकली.

"तू एवढा म्हातारा कधी झालास?"

"सकाळी सकाळी," वेंग म्हणाला. "तू बघत नव्हतीस तेव्हा."

दुकान पुन्हा आठला उघडू लागलं. सुई पहिल्या फटक्यात ओवली जायला लागली. लान-चे खुशीत होती, आणि ती खुशी बरोबर नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी ती बाजाराचा जिना चढत होती आणि तिच्या पुढे बँकेचा पहारेकरी चढत होता. त्याच्या काळ्या पँटची खालची दुमड तिच्या नाकासमोर होती. दुमड तपकिरी दोऱ्याने शिवलेली होती, आणि टाके दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात चालले होते.

"कोणी शिवली ही?" लान-चेने त्याची पँटच धरली.

"आंटी! सोडा! लोक बघतायत!"

"आधी सांग, कुठल्या गाढवाने शिवली?"

पहारेकऱ्याने मागे वळून पाहिलं आणि अदबीने म्हणाला, "तुम्हीच, आंटी. दोन वर्षं झाली."

त्या दिवशी लान-चेला जेवण गेलं नाही. मग तिला जिथे तिथे दिसू लागलं. भाजीवाल्याच्या शर्टाची बाही. देवळातल्या पुजाऱ्याच्या झग्याची कड, एक बाजू बोटभर खाली. टपाल वाटणाऱ्या मुलीच्या पँटची चेन, जी खालून वर लागायच्या ऐवजी वरून खाली लागत होती आणि ती बिचारी दोन वर्षं तशीच लावत होती. सकाळच्या धुक्यात, डोळे वाळवून वाळवून, दुकान उशिरा उघडायच्या आधी घरी बसून जे जे काही ती उरकत आली होती, ते सगळं गावभर हिंडत होतं.

तिने जिन्याच्या तोंडाशी पुठ्ठा टांगला: मागच्या तीन वर्षांत इथे शिवलेलं सगळं घेऊन या. पुन्हा शिवून मिळेल. फुकट. लोक आले. जे तिच्याकडून शिवून घेतलं होतं ते आणलं, जे दुसऱ्याकडून घेतलं होतं तेही आणलं. एक जण तर छत्री घेऊन आला. लान-चेने छत्रीही शिवून दिली. अपराधी माणसाला वाद घालता येत नाही. चिक्गू मरियानी ते रेशीम घेऊन आल्या तेव्हा तिने बाही उलटी केली, भिंगाखाली धरली, आणि टाका न् टाका तपासला. एक टाका इकडचा तिकडे नव्हता.

"काय झालं?" चिक्गूंनी विचारलं.

"काही नाही. घेऊन जा. न बघता शिवलेलंच तेवढं धड आहे."

तीन आठवडे हे चाललं. मग एका रविवारी घरी कपाट आवरताना वेंगची पंचगिरीची काळी पँट तिच्या हाताला लागली. राज्यपातळीच्या स्पर्धेला त्याला पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं तेव्हा तिने ती आखूड करून दिली होती. तिने पाय उलटा केला. दुमड हिरव्या दोऱ्याने शिवलेली होती. पोपटासारख्या हिरव्या.

ती पँट घेऊन बाहेरच्या खोलीत आली. "हे तुला माहीत होतं?"

वेंगने वर्तमानपत्रातून डोकं काढलं. "हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि हे घालून तू सगळ्यांसमोर उभा राहिलास? फोटो काढले तुझे! बोलला का नाहीस?"

वेंगने जरा विचार केला. तो असा विचार मैदानावरही करी, खेळाडू ओरडत असताना, घाई न करता. "रेषेवर होतं," तो म्हणाला. "रेषेवर पडलं की आत धरतात."

लान-चेने पँट खांद्यावर टाकली. ती आत गेली, दोरा उसवला आणि काळ्याने पुन्हा शिवली. संध्याकाळी तिने त्याच्यासाठी मुगाचे मोड घालून कोंबडी केली, आणि मांडीचा तुकडा त्याच्या वाटीत टाकला, जो एरवी ती स्वतः खाई.

सहा महिन्यांनी पेशी मोजायचा दिवस आला. हफीझाने फोटो काढला (लान-चे आता एकदाच डोळे मिटे), यंत्राने आकडा सांगितला: सतराशे ऐंशी. लान-चेने कागद वाचला आणि तडक यालिनींच्या खोलीत शिरली. "लावलं तेव्हा सत्तावीसशे म्हणाला होतात! नऊशेच्या वर गेल्या कुठे?"

"काही आम्ही हाताळतानाच जातात, काही पहिल्या महिन्यांत. उरलेल्या पसरून जागा भरतात. सगळ्यांचंच असं होतं, आंटी. काच नितळ आहे ना? दिसतंय ना?"

दिसत होतं. पण बाहेर बाकावर मेहेर सिंग बसले होते, तुरुंगातून निवृत्त झालेले जमादार. त्यांचीही हीच शस्त्रक्रिया झाली होती, लान-चेच्या दोन आठवडे आधी, आणि गेले सहा महिने ते भेटेल त्याला आपले आकडे सांगत होते.

"माझ्या दोन हजार चाळीस," ते मिशीवर हात फिरवत म्हणाले. "आंटी, तुमच्या?"

"तुमच्याकडून कशाला पळतील? जन्मभर तेच काम केलंत." लान-चे शेजारी बसली. "काचेची जाडी किती?"

मेहेर सिंगांनी कचरत कागद पाहिला. "पाचशे साठ."

"माझी पाचशे अठरा. जाड कापड स्वस्त असतं, अंकल."

मेहेर सिंगांनी कागद घडी करून खिशात घातला. मग थोड्या वेळाने त्यांनी आपला चहा तिच्याकडे सरकवला, आणि दोघं बसून ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची होती त्यांना घाबरवत राहिली.

वसंतात पूर्वजांच्या थडग्यांवर जायच्या दिवशी लान-चेने सासूसासऱ्यांच्या नैवेद्याच्या वाट्याबरोबर एक वाटा जास्तीचा मांडला. वेंगने विचारलं, कोणाचा? "एकाहत्तर वर्षांच्या कोणाचा तरी," ती म्हणाली. बाई की पुरुष हे माहीत नसल्यामुळे तिने कागदाचा एक पंखाही ठेवला आणि एक चिरूटही. श्रीलंकेचं माणूस म्हणून दारूऐवजी चहा ओतला, भरपूर दूध घालून.

पुढच्या वर्षी डाव्या डोळ्याची पाळी आली. लान-चेने जय्यत तयारी केली. टीव्ही शेजारी गेला, डबा चिक्गूंकडे गेला, वेंगने स्टूल काढलं. अस्तर पहिल्याच फटक्यात सुलटं पडलं, हवा भरली, ती तीन दिवस उताणी राहिली, आणि सातव्या दिवशीच्या फोटोत सलग रेघ आली. ना कड सुटली, ना धुकं उतरलं. महिन्याभरात डोळा लख्ख. पेशी तर मेहेर सिंगांपेक्षा साठ जास्त.

बाजारात बायकांनी विचारलं, "लान-चे, डावा डोळा कसा झाला?"

"चांगला झाला," लान-चे म्हणाली, जराशी खट्टू होऊन. "त्याचं सांगण्यासारखं काही घडलंच नाही." आणि स्टूल पुढे ओढून तिने उजव्या डोळ्याची हकीकत पहिल्यापासून सुरू केली.